बी सगळ्यात शेवटी: शहरातल्या पडीक जागेवर शेती सुरू करताना

रिकामी जागा दिसली की काहींचे हात शिवशिवतात. भिंतीआडचा दुर्लक्षित तुकडा, गुडघाभर गवत, कोपऱ्यात फुटक्या फरशांचा ढीग आणि त्या ढिगातूनच आपसूक उगवून आलेलं टोमॅटोचं एक झाड. त्या झाडाला लाल झालेली चार फळं दिसली की माणूस दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊनच हजर होतो. मीही तसाच गेलो होतो. पावसाच्या तोंडावर वाफे केले, मुळा टाकला, उगवलाही छान. पहिला जोराचा पाऊस आला आणि गल्लीचं गटार तुंबून सगळं पाणी आमच्या तुकड्यात उतरलं. काळं, तेलकट पाणी ओळींवर घोटाभर उभं राहिलं. तो मुळा कुणी खाल्ला नाही, खायला देण्यासारखा नव्हताच. त्याआधी एकदा जरी पावसात तिथे जाऊन उभा राहिलो असतो, तरी हे कळलं असतं.

तेव्हापासून नव्या माणसाला मी कामाचा क्रम उलटा सांगतो. बी सगळ्यात शेवटी. त्याआधी जागा, मालक, माती, पाणी आणि माणसं, साधारण याच क्रमाने.

महिनाभर नुसतं बघा

जागेचा हातानेच एक नकाशा काढा. पावलांनी मोजलात तरी चालेल, पण भिंती, झाडं, उतार, नळ, विजेचे खांब, आत येण्याची वाट हे सगळं त्यावर यायला हवं. मग सकाळी, दुपारी आणि उन्हं कलल्यावर जाऊन सावली कुठे पडते ते पेन्सिलने दाखवा. टोमॅटो, वांगी, मिरची अशा फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या चार-पाच तासांवर भागवून घेतात. ऋतू बदलला की सावली सरकते. सूर्य खाली उतरणाऱ्या महिन्यांत शेजारच्या उंच इमारतीची सावली अख्खा तुकडा गिळू शकते. म्हणून इमारत कोणत्या दिशेला आणि किती उंच आहे, तेही लिहून ठेवा.

एकदा भर पावसात जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती वेळ राहतं ते बघा. लव्हाळा दाट माजला असेल तर खाली ओल धरून राहते असं समजायला हरकत नाही.

आणि माणसं बघा. जवळजवळ प्रत्येक पडीक जागेतून एक पायवाट जाते. शाळेची मुलं, कामावर जाणाऱ्या बायका, कुत्रं फिरवणारे, कोणी ना कोणी ती वापरत असतं. नवखे लोक पहिल्याच दिवशी तिथे कुंपण घालतात आणि महिन्याभरात ते तुटतं. पायवाट तशीच सोडा आणि वाफे तिच्या दोन्ही बाजूंना बसवा. येणारी-जाणारी माणसं हीच तुमची राखण.

जागा कुणाची आणि किती दिवसांची

ओसाड दिसणाऱ्या जागेलाही मालक असतो. जमिनीच्या आणि कराच्या सरकारी नोंदी, शेजारची जुनी मंडळी, जुने नकाशे यांतून नाव निघतं. खासगी मालक, नगरपालिका, रेल्वे, शाळा, धर्मस्थळ यांपैकी कुणीही असू शकतं, आणि प्रत्येकाशी बोलायची रीत वेगळी. खासगी मालकाला बहुतेक वेळा एकच धास्ती असते: ही माणसं नंतर उठणार नाहीत. ती धास्ती पहिल्याच भेटीत तुम्हीच बोलून दाखवा आणि उठायची तारीख कागदावर घालायची तयारी ठेवा. कचरा हटेल, जागेवर डोळा राहील, हा त्याचा फायदा. तो मात्र सांगावा लागतो.

परवानगीशिवाय सुरुवात करून पुढे मान्यता मिळाल्याची उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि तिचे सोबती बिया-खताचे गोळे कुंपणापलीकडे रिकाम्या जागांत फेकत. १९७३ साली त्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा एक तुकडा साफ करून बाग केली आणि पुढच्याच वर्षी शहराने तो त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिला. गोष्ट ऐकायला गोड आहे. पण त्याच शहराच्या प्रशासनाने १९९९ मध्ये अशा शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या होत्या. दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. लॉस एंजेलिसमधल्या साउथ सेंट्रल फार्मला तेवढं नशीब लाभलं नाही. १४ एकर, सुमारे साडेतीनशे कुटुंबं, दहा वर्षांहून जास्त काळ पिकवलेली जमीन. शहराने ती जुन्या मालकाला परत विकली आणि जून २००६ मध्ये तिच्यावर बुलडोझर फिरले.

म्हणून कराराचा कागद करा. वकिली भाषेची गरज नाही, एक-दोन पानं पुरतात, पण त्यात या गोष्टी हव्यातच: किती वर्षं, जागा परत हवी असेल तर किती आधी सांगायचं (निदान उभं पीक निघेपर्यंतची मुदत मागा), पाणी कुठून आणि त्याचं बिल कुणाचं, कुंपण, छप्पर, टाकी घालायची परवानगी आहे का आणि जाताना ते कुणाचं, कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची.

मुदतीवर बाकी सगळं ठरतं. शहरातली मेलेली माती जिवंत व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. करार त्याहून कमी काळाचा असेल तर मातीत पैसा आणि पाठ घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उचलून नेता येईल अशी शेती करा. बर्लिनमध्ये मोरित्झप्लात्झच्या प्रिन्सेसिननगार्टनने २००९ साली हेच केलं. पावाचे प्लॅस्टिक क्रेट, तांदळाची पोती, दुधाची खोकी यांत भाजी लावली. जमीन भाड्याची होती, माती आणि झाडं त्यांची स्वतःची.

मातीच्या पोटात काय आहे

हा टप्पा लोक सर्वाधिक टाळतात. म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

आधी जागेचा पूर्वेतिहास काढा. इथे घर होतं का, ते पाडलं कधी? गॅरेज, पेट्रोल पंप, बॅटरी दुरुस्ती, रंगकाम, छपाई, ड्रायक्लीनिंग, लाकडाला औषध मारायचा कारखाना असं काही होतं का? नुसताच भराव टाकलाय का, आणि असेल तर तो आला कुठून? साठ-सत्तरीतल्या शेजाऱ्यांशी अर्धा तास बोललात तर जे कळतं ते कुठल्याही दप्तरात सापडत नाही. पंप किंवा कारखाना होता असं निघालं तर तिथल्या जमिनीत पीक घ्यायचा विचार जाणकार तपासणीशिवाय करू नका.

साध्या घरपाड जागेतही एक गोष्ट हमखास तपासायची, ती म्हणजे शिसं. जुन्या रंगांत शिसं होतं, पेट्रोलमध्ये होतं. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ साली थांबलं. पेट्रोल बदललं, पण धुरातून पडलेलं शिसं मातीच्या वरच्या थरातच चिकटून राहतं, पावसाने वाहून खोल जात नाही. त्यामुळे रस्त्याकडेची पट्टी आणि जुन्या भिंतीलगतची पट्टी, जिथे रंगाचे पोपडे वर्षानुवर्षं गळले, तिथे ते सगळ्यात जास्त सापडतं.

नमुना घ्यायची पद्धत शेतात घेतात तीच, फक्त जागेचे भाग पाडून. भिंतीलगतची, रस्त्याकडेची आणि मधली माती एकत्र करू नका, तीन वेगळे नमुने करा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या उभ्या बाजूचा बोटभर जाडीचा काप काढा. सगळे काप प्लॅस्टिकच्या बादलीत टाका. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं वापरू नका, त्याचं जस्त नमुन्यात उतरतं. माती सावलीत वाळवा, ढेकळं फोडा, गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले दोन पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

प्रयोगशाळेत देताना काय तपासायचं ते स्पष्ट लिहून द्या. नेहमीच्या माती परीक्षणात सामू (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश एवढंच येतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी वेगळी मागावी लागते. 'माती तपासून आणली, चांगली आहे' असं सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या कागदावर शिशाचा रकानाच नसतो.

आकडा आला, आता वाचायचा कसा? देशागणिक मर्यादा वेगळ्या आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राहत्या जागेच्या मातीसाठी शिशाची तपासणी-पातळी (जिच्या वर गेलं तर जागा आणखी तपासायची) जानेवारी २०२४ मध्ये किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. कॅलिफोर्निया राज्याचा आकडा तर ८० आहे. शंभराच्या आत असेल तर मी जमिनीत निर्धास्त लावतो. शंभर ते दोनशेच्या मधे फळभाज्याच लावतो. दोनशेच्या वर गेला तर त्या मातीला हातच लावत नाही, तिच्यावर वेगळी माती चढवतो.

फळभाज्याच का? टोमॅटो, भेंडी, शेंगा यांच्या फळात शिसं फार कमी पोचतं. पालेभाज्या आणि कंदमुळं यांना जास्त धोका, आणि त्यातही मुख्य भानगड झाड शिसं शोषतं ही नसून पानाला आणि मुळाला माती चिकटून येते ही आहे. त्याहून मोठा धोका धुळीचा. कोरड्या मातीत खेळणारं लहान मूल बोटं तोंडात घालतं, ते मूल भाजी खाणाऱ्यापेक्षा जास्त शिसं पोटात घेतं. त्यामुळे संशयाच्या जागेत उघडी माती ठेवायचीच नाही. वाटांवर लाकडाचा भुसा किंवा चिपाडं पसरा, वाफ्यांवर आच्छादन घाला, माती ओली ठेवून काम करा, हात धुवायला पाणी आणि साबण फाटकाशीच ठेवा, बूट घरात नेऊ नका. भरपूर कंपोस्ट घातलं आणि सामू ६.५ ते ७ च्या आसपास राखला तर शिसं मातीतच जखडून राहतं.

एक खड्डा खणा

कागदी अहवालाची वाट पाहत असताना एक गुडघाभर खोल खड्डा खणा. यंत्राने खणणार असाल तर आधी खालून वीज, गॅस, पाणी यांच्या वाहिन्या जात नाहीत ना, याची चौकशी करा. पहारीलाही तोच नियम.

आमच्या दुसऱ्या जागेत मी खणलेला खड्डा असा होता: वर चार बोटं काळसर माती आणि गवताच्या मुळ्या. खाली वीतभर सिमेंट-विटांचा राडारोडा, त्यात काचेचे तुकडे, चपलेचा तळवा, गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्याखाली पिवळट भराव, इतका दाबलेला की पहार टणकन उडायची. आणि त्याच्याही खाली, अडीच फुटांवर, मूळची चिकण माती, ओलसर आणि एक गांडूळ असलेली. वर पिकलेलं गवत बघून यातलं काहीच ओळखता आलं नसतं. सिमेंटच्या चुऱ्यामुळे माती विम्लधर्मी होते, सामू आठाच्या वर गेलेला सापडला तर नवल नाही.

त्याच खड्ड्यात निचरा तपासा. हातभर खोल खड्डा काठोकाठ भरा, पूर्ण मुरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजपट्टीने बघा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरलं तर मुळं गुदमरणार; गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे करावे लागतील. मातीचा पोत बघायला काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ दोनेक तासांत, चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत. थर पट्टीने मोजलेत की प्रमाण कळलं.

पाणी: चालून बघा

कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं असं धरून चला. शंभर चौरस मीटर वाफे म्हणजे पाचशे लिटर. नळ ऐंशी मीटरवर असेल आणि तुम्ही दोन हातांत दहा-दहा लिटरच्या झाऱ्या नेत असाल, तर पंचवीस खेपा. येऊन-जाऊन चार किलोमीटर, त्यातले दोन वीस किलो वजन घेऊन, रोज. पहिल्या आठवड्यात लोक हे हौसेने करतात. तिसऱ्या आठवड्यात 'आज राहू दे' सुरू होतं. बंद पडलेल्या शहरी शेतांपैकी जी मी जवळून पाहिली, त्यांतली बहुतेक पाण्यापायी बंद पडली. पाण्याची सोय जागेतच होत नसेल तर जागा सोडा, दुसरी बघा. हे लिहायला कठोर वाटतं खरं.

छपराचं पाणी हा चांगला आधार. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर, गळती-उडती वजा जाता आठशे. हंगामातल्या पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्या, ते छप्पर धुऊन येतं. पिंपांना घट्ट झाकण किंवा बारीक जाळी हवीच, नाहीतर भाजीआधी डासांचं पीक येईल. ठिबक बसवणार असाल तर हे लक्षात घ्या: मीटरभर उंचीवरची टाकी फक्त ०.१ बार दाब देते. दाब-नियंत्रक ड्रिपर तेवढ्यावर उघडतच नाहीत. साध्या, कमी दाबावर चालणाऱ्या नळ्या घ्या. गटाराचं किंवा नाल्याचं पाणी कच्च्या खायच्या भाजीला कधीही नको.

जमिनीत की जमिनीवर

माती स्वच्छ, निचरा बरा आणि मुदत मोठी असेल तर जमिनीतच करा. स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यात ओल टिकते. यातलं एखादं जरी नसेल तर उंच वाफे. क्यूबाच्या राजधानीत, हवानामध्ये, सोव्हिएत संघ कोसळल्यावर इंधन आणि खतं मिळेनाशी झाली, तेव्हा नव्वदच्या दशकात लोकांनी मोकळ्या जागांत, वाहनतळांवर सिमेंटच्या किंवा दगडी कडा घालून, आत कंपोस्ट-माती भरून 'ऑर्गानोपोनिको' उभे केले. खाली काँक्रीट असलं तरी अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

वाफ्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय पडत नाही. मधल्या वाटा ४५ ते ६० सेंटिमीटर, ढकलगाडीची मुख्य वाट ९०. खोली पालेभाज्यांना वीस-पंचवीस सेंटिमीटर पुरते, फळभाज्यांना तीस ते पंचेचाळीस. वाटा, कंपोस्टचे खण, अवजारांची पेटी हे सगळं धरलं की एकूण जागेच्या निम्म्यातच पीक उभं राहतं. कागदावर आखताना हे विसरलं की मग वाटा अरुंद होतात आणि सगळं चिरडतं.

कडांसाठी रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळतात म्हणून आणू नका, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं. तांबं-क्रोम-आर्सेनिकचं औषध मारलेलं हिरवट जुनं लाकूड आणि टायरही नकोत. विटा, दगड किंवा साधं लाकूड उत्तम. लाकूड चार-पाच वर्षांत कुजेल, कुजू द्या. खालची माती संशयास्पद असेल तर तळाशी पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर वाफ्याचं डबकं होतं.

आणि हिशेब करा. ५ मीटर लांब, १.२ रुंद, ३० सेंटिमीटर उंच अशा एका वाफ्याला १.८ घनमीटर माती लागते. दहा वाफ्यांना अठरा घनमीटर, म्हणजे वीस टनांच्या वर. ट्रक आत येईल का? नाही आला तर फाटकापासून घमेल्यांनी वाहणार कोण? बसताना माती पाचव्या हिश्शाने खाली जाते, तेवढी जास्तीची मागवा.

माती बनवणं

जागेची साफसफाई एका दिवसात उरकायचा हट्ट नको. हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालून आधी काच, लोखंड, सुया वेचा. विटा-फरशा वाटांसाठी बाजूला ठेवा. हराळी आणि लव्हाळा मात्र वरवर खुरपून जात नाहीत, उलट तुकडे झाले की दुप्पट होतात. मला लागू पडलेला उपाय म्हणजे गवत कापून त्यावर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर एकमेकांवर चढवून अंथरायचे (चिकटपट्ट्या आणि स्टेपल काढून), भिजवायचे आणि वर वीतभर पालापाचोळा टाकायचा. एका हंगामात हराळी बरीच दमते. लव्हाळा दमत नाही. त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात, पुन्हा पुन्हा.

कंपोस्ट जागेतच सुरू करा, अगदी पहिल्या दिवसापासून. ढीग मीटरभर लांब-रुंद-उंच हवा, त्याहून लहान तापत नाही. एक भाग ओला हिरवा माल, दोन ते तीन भाग कोरडा पाला किंवा भुसा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकीच ओल. आत ५५ ते ६५ अंश तापमान काही दिवस राहिलं आणि ढीग उलटापालटा करून बाहेरचा माल आत गेला की तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला पाहिजे. वास आला तर ओल जास्त आहे, कोरडं मिसळून उलटा.

बाहेरून आणलेलं खत, शेणखत किंवा गवत सरळ वाफ्यात टाकू नका. काही तणनाशकं गुरांच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही शाबूत बाहेर येतात आणि टोमॅटो, शेंगा यांची वाट लावतात. याची परीक्षा फुकट होते. तीन कुंड्यांत ते खत आणि साधी माती निम्मी-निम्मी भरा, तीन कुंड्यांत नुसती खात्रीची माती, आणि सगळ्यांत घेवड्याचं बी टाका. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली कोवळी पानं पेल्यासारखी वळली, शेंडे मुरडले, तर तो ट्रक परत पाठवा. एकदा आळस करून मी ही परीक्षा टाळली. त्या वर्षीच्या टोमॅटोची पानं नेच्यासारखी गुंडाळलेली होती, आणि फळ शून्य.

माणसं

पहिल्या श्रमदानाला चाळीस जण येतात, फोटो निघतात. तिसऱ्या महिन्यात चौघं उरतात. जागेचा आकार त्या चौघांकडे बघून ठरवा. ब्रिटनमध्ये भाजीसाठी लोकांना देतात त्या अलॉटमेंटचा पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. आता कित्येक ठिकाणी नव्या माणसाला अर्धाच देतात, कारण पूर्ण झेपत नाही. शंभर वर्षांहून जुन्या परंपरेचा हा अनुभव आहे, तो फुकट घ्यावा. पहिल्या वर्षी चार-सहा वाफे बास. उरलेली जागा पुठ्ठा आणि पाल्याखाली झाकून ठेवा, तिथली माती आपोआप सुधारत राहील.

वाफे ज्याचे त्याचे की सगळ्यांचे मिळून, यावर लोक तासन्‌तास भांडतात. ज्याचा त्याचा वाफा असला की पाणी न चुकता पडतं. सगळ्यांचा असला की कुणीतरी घातलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. पण कंपोस्ट, कुंपण, अवजारं ही सामायिक कामं कुणाच्याच वाफ्यात येत नाहीत. मी दोन्ही मिसळतो: वाफे वाटून द्यायचे आणि प्रत्येकाने महिन्यातून दोनदा सामायिक काम करायचं. पाण्याच्या पाळ्या फाटकावर कागद लावून लिहा. फोनवरच्या ग्रुपमधलं कुणी वाचत नाही.

चोरी होईल. थोडी होईलच. कुंपणालगतचा एक वाफा 'कुणीही न्या' अशी पाटी लावून सोडून द्या. आतल्या वाफ्यांना मग फारसा त्रास होत नाही, निदान आमच्याकडे झाला नाही. पिकलेली फळं झाडावर ठेवू नका, हा दुसरा उपाय.

आता बी

पहिल्या हंगामात लवकर येणारं आणि सहसा न फसणारं लावा. मुळा पंचवीस-तीस दिवसांत, पालक महिना-सव्वा महिन्यात, घेवडा पन्नास-साठ दिवसांत. टोमॅटोची रोपं लावल्यापासून दोन-अडीच महिने. सगळं बी एका दिवशी टाकू नका, दर पंधरा दिवसांनी एक-एक ओळ टाका, म्हणजे चाळीस मुळे एकाच रविवारी तयार होणार नाहीत. माती वाफशावर आली की पेरा: मूठ दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. चिखलात पेरलं तर वर पापुद्रा धरतो आणि कोंब आतच अडकतात. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून नाही. उगवून वर आल्यावर विरळणी करायला मन धजत नाही, पण करा.

एक वही ठेवा: काय, कधी, कुठल्या वाफ्यात, किती वजन निघालं. करार वाढवायला मालकाकडे जाल तेव्हा फोटोंपेक्षा ही वही कामाला येते.

मुळा मी अजूनही प्रत्येक नव्या वाफ्यात आधी टाकतो, आता खाण्यापेक्षा चौकशीसाठी. मातीचा अहवाल स्वच्छ आला असला तरी. महिन्याभराने उपटला आणि सरळसोट आला तर खाली वाट मोकळी आहे. आखूड आणि फुगीर आला तर माती दाबलेली. दोन फाटे फुटलेला निघाला तर तिथेच पहार घालून बघा. वीतभर खाली आणखी एक फरशी असते.